जुनं बेटकास्टिंग रील जुळवून लांब फेक मिळवणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कपाटात वर्षानुवर्षं पडलेलं मासेमारीचं रील हाती लागलं की बहुतेकजण आधी नवीन बेअरिंग विकत घ्यायला निघतात. मी ते काम सगळ्यात शेवटी ठेवतो. फेक लांबवायची असेल तर फिरणाऱ्या स्पूलला, म्हणजे दोरी गुंडाळलेल्या चकरीला, कुठे काय अडवतंय ते आधी शोधायचं आणि एकेक अडथळा दूर करायचा. जुन्या रीलमध्ये हा अडथळा बहुतेक वेळा सुकलेल्या ग्रीसचा असतो आणि तो काढायला मेहनत लागते, पैसे फार लागत नाहीत.

जुन्या रीलने खरंच लांब फेक होते का? की सरळ नवीन घ्यावं?

होते, आणि चांगली होते. बेटकास्टिंग रीलमध्ये फेकीच्या वेळी स्पूल स्वतः फिरतं आणि आमिषाचं वजन त्यावरून दोरी ओढून नेतं. त्यासाठी लागतो एक सरळ दांडा, दोन्ही टोकांना कमी घर्षणाचे टेकू आणि नीट तोललेलं स्पूल. या गोष्टी जुन्या कारागिरांना उत्तम साधल्या होत्या, कारण त्यांच्यातले बरेचजण मुळात घड्याळजी होते. अमेरिकेतलं पहिलं मल्टिप्लायर रील (हँडलच्या एका फेरीत स्पूल अनेकदा फिरवणारं) बनवण्याचं श्रेय ज्याला देतात तो केंटकीचा जॉर्ज स्नायडर घड्याळजीच होता आणि हे काम त्याने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला केलं. स्वीडनमधली आबू कंपनी १९२१ साली सुरू झाली तीही घड्याळांचा कारखाना म्हणूनच. पुढे १९५० च्या दशकात तिने काढलेलं अँबॅसडर ५००० आजही लोक साफ करून वापरतात.

मर्यादा मात्र आधीच माहीत असलेल्या बऱ्या. ज्या रीलमध्ये फ्री-स्पूल नाही, म्हणजे फेकताना हँडलही उलटं गरगरतं, त्याला कितीही तेल घातलं तरी ते हँडल आणि गिअर ओढतच राहणार. जुनं पितळी किंवा जर्मन सिल्व्हरचं स्पूल जड असतं. ते ५-७ ग्रॅमच्या आमिषाने वेग घेत नाही, पण १५ ग्रॅमच्या पुढे गेलात की छान चालतं. अगदी हलकं आमिष फेकायचं असेल तर हे काम जुन्या गोल रीलवर लादू नका.

रील उघडण्याआधी दोष कुठे आहे हे कसं ओळखायचं?

कान आणि अंगठा पुरतात. दोरी काढून टाका, टोकाच्या टोपीचा स्क्रू (कास्ट कंट्रोल नॉब) ढिला करा, फ्री-स्पूलचं बटण दाबा आणि रील कानाजवळ धरून स्पूलला टिचकी मारा.

काही क्षणांत हळूहळू, आवाज न करता थांबलं तर बेअरिंगमध्ये घट्ट ग्रीस किंवा चिकट झालेलं जुनं तेल आहे. खरखर आली तर घाण किंवा गंज आहे. शिट्टीसारखा बारीक आवाज म्हणजे बेअरिंग कोरडं पडलंय. फिरताना ठरावीक जागी अडखळत असेल तर दांडा वाकलाय किंवा स्पूलची कड फ्रेमला घासतेय, आणि बारीक टिकटिक असेल तर पिनियन (हँडलचा फेरा स्पूलला देणारा छोटा गिअर) पुरता बाजूला सरकत नाहीये. याच वेळी लेव्हल-वाइंडकडेही, म्हणजे दोरी स्पूलवर सारखी पसरवणाऱ्या भागाकडेही बघा. स्पूल फिरताना दोरीचा मार्गदर्शक डावी-उजवीकडे सरकतो का? सरकत असेल तर तुमच्या रीलमध्ये तो फेकीच्या वेळीही चालतो, आणि त्याच्या स्वच्छतेवर तुमची फेक बरीच अवलंबून आहे.

यानंतर रील आडवं धरा, उभं धरा, मग उलट बाजूने उभं धरा, आणि प्रत्येक वेळी टिचकी मारा. एकाच बाजूने उभं धरल्यावर स्पूल लवकर थांबत असेल तर त्या बाजूच्या टोकाला, म्हणजे टोपीतल्या चकतीला किंवा दांड्याच्या टोकाला दोष आहे. या साध्या चाचणीने बरंच काम वाचतं.

सुधारणा झाली हे मोजायचं कसं?

स्पूल किती सेकंद फिरतं हे मोबाइलवर टिपून ठेवा, पण निकाल त्यावर लावू नका. रिकामं स्पूल टेबलावर मिनिटभर फिरलं म्हणजे पाण्यावर फेक लांब गेली असं होत नाही. खरी मोजणी मैदानात होते. तोच रॉड, तीच दोरी आणि गळ काढलेलं तेच वजन घेऊन वारा पडलेला असताना दहा फेकी करा. सगळ्यात लांब आणि सगळ्यात आखूड फेक सोडा, उरलेल्यांची सरासरी लिहा. रीलमध्ये एक बदल केलात की पुन्हा दहा. एकाच दिवशी बेअरिंग, तेल, ब्रेक आणि दोरी सगळंच बदललं तर कशाने फरक पडला ते कधीच कळत नाही.

उघडायला कोणती हत्यारं लागतात?

खाचेत बरोबर बसणारे दोन-तीन स्क्रू-ड्रायव्हर, हँडलच्या नटाला बसणारा पाना, टोकदार चिमटा, टाचणी, टूथब्रश, इअर-बड, लाकडी टूथपिक आणि कड असलेला ट्रे. ट्रेमध्ये पांढरं कापड अंथरा. स्क्रूची खाच रुंद आणि ड्रायव्हर अरुंद असेल तर स्क्रूचं डोकं खराब होतं, आणि जुन्या रीलचा तसाच स्क्रू मिळवणं फार कठीण जातं.

पिनियनला धरणाऱ्या योकखाली दोन बारीक स्प्रिंगा असतात. योकवर बोट दाबून धरा आणि मगच क्लिप काढा. तरी भीती वाटत असेल तर हात आणि रील दोन्ही एका मोठ्या पारदर्शक पिशवीत घालून हे काम करा, म्हणजे स्प्रिंग उडाली तरी पिशवीतच राहते. प्रत्येक टप्प्यावर फोटो काढा आणि भाग ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने, त्याच बाजू वर ठेवून मांडा. वॉशरच्या जागा बदलल्या की तासाभराचं काम दिवसभर चालतं.

स्क्रू किंवा टोपी हलतच नाही. जोर लावू?

नको. गंज सोडवणारं पातळ तेल थेंबभर सोडा आणि रात्रभर ठेवा. सकाळी हेअर-ड्रायरने तो भाग कोमट करा, ड्रायव्हर खाचेत पक्का टेकवून मागून हलक्या दोन-चार टिचक्या द्या, मग फिरवा. आधी किंचित घट्ट करून मग सोडवण्याची युक्तीही बऱ्याचदा लागू पडते. ज्योत वापरू नका, कारण साइड-प्लेटचा रंग आणि आतला प्लॅस्टिकचा भाग दोन्ही जातील. डाव्या हाताच्या काही मॉडेलांत हँडलच्या नटाला उलटे आटे असतात. जोर लावण्याआधी आटे कोणत्या दिशेचे आहेत ते बघून घ्या.

साफ कशाने करू?

बाहेरचे भाग कोमट पाणी, भांडी घासायचा सौम्य द्रव साबण आणि टूथब्रश यांनी. गिअर आणि आतले धातूचे भाग रॉकेलने चांगले सुटतात, पण रॉकेल मागे तेलकट थर सोडतं, म्हणून नंतर साबणाने धुऊन पूर्ण वाळवा.

ॲसिटोन फक्त उघड्या धातूच्या भागांसाठी. प्लॅस्टिक, रंग, हँडलच्या मुठी आणि साइड-प्लेटवरची अक्षरं यांच्या आसपासही ते नेऊ नका. खिडक्या उघड्या ठेवा आणि जवळ ज्योत नको. फार जुन्या रीलच्या काळ्या साइड-प्लेट कडक रबराच्या असतात. त्या गरम पाण्यात घातल्या तर तपकिरी-हिरवट पडतात आणि मूळ काळा रंग परत येत नाही, म्हणून त्यांना गार पाणी आणि ओलं फडकं एवढंच द्या. पितळेवरचा हिरवा थर पाणी घातलेल्या व्हिनेगरमध्ये काही मिनिटं ठेवून निघतो, त्यानंतर भरपूर पाण्याने धुवा. ॲल्युमिनियमचं स्पूल व्हिनेगरमध्ये किंवा जहाल क्षारीय क्लीनरमध्ये बुडवून ठेवू नका, वरचा ॲनोडाइज्ड थर जातो.

बेअरिंग नेमकं कसं साफ करायचं?

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे, म्हणून सावकाश वाचा.

स्पूलची बेअरिंग छोटी असतात. आबूच्या ५५००सी, ६५००सी सारख्या रीलमध्ये आतलं भोक ३ मिलिमीटर, बाहेरचा व्यास १० आणि जाडी ४ मिलिमीटर. बेअरिंगच्या तोंडावर पातळ पत्र्याचं झाकण असेल तर कडेला भिंग लावून बघा. खाचेत बसवलेली एक तारेची रिंग दिसते, आणि एका जागी तिची दोन टोकं एकमेकांजवळ येतात. त्यातल्या एका टोकाखाली टाचणी घाला, दुसरं बोट बेअरिंगवर ठेवा आणि टोक आतल्या बाजूला उचला. रिंग सुटली की बेअरिंग उलटं करून टेबलावर हलकेच आपटा, झाकण खाली पडतं. काही बेअरिंगची झाकणं दाबून कायमची बसवलेली असतात आणि त्यांना रिंग नसते. ती उचकटू नका, तशीच द्रावणात हलवून साफ करा.

आत बघितलंत तर बहुधा गोळ्यांच्या मधे पिवळट, मेणासारखं काहीतरी दिसेल. हे कारखान्यात भरलेलं किंवा नंतर कुणीतरी प्रेमाने घातलेलं ग्रीस. एका छोट्या काचेच्या बरणीत ॲसिटोन किंवा लायटर फ्लुइड घ्या, बेअरिंग टाका, झाकण लावा आणि हलवा. द्रावण गढूळ झालं की बदला. ते स्वच्छ राहेपर्यंत हे करत राहा. मग बेअरिंग कागदावर पूर्ण वाळू द्या.

आता पेन्सिलच्या टोकावर बेअरिंग चढवा आणि बाहेरच्या कड्याला बोटाने ढकला. कोरडं स्वच्छ बेअरिंग आवाज करत मोकळं फिरतं आणि हळूहळू थांबतं. मधेच टचकन थांबत असेल, किंवा कडं हळू फिरवताना बोटाला खडे लागल्यासारखं वाटत असेल, तर आतल्या धावेला, म्हणजे गोळ्या पळतात त्या खाचेला, गंजाचे खड्डे पडलेत. पुन्हा एकदा धुवा, आणि तरीही तसंच असेल तर ते बेअरिंग बदला. खड्डे पडलेलं स्टील धुण्याने परत गुळगुळीत होत नाही.

कोरडं बेअरिंग हवेच्या पंपाने गरगर फिरवू नका. वंगणाविना तेवढ्या वेगात गोळ्या आणि धाव दोन्ही ओरखडतात.

माझ्या रीलमध्ये बेअरिंगच नाही, पितळी बुश आहेत. मग काय?

बुश म्हणजे गोळ्यांविना दांडा धरणारी गुळगुळीत नळी, आणि तेही चांगले चालतात. अँबॅसडर ५००० बुशवरच चालतं, ५०००सी मध्ये ‘सी’ आला तो बॉल बेअरिंगसाठी. बुश इअर-बडने आतून साफ करा. दांड्यावरचा काळा थर मऊ कापड आणि मेटल पॉलिशने काढा, पण सॅंडपेपरने दांडा घासून बारीक करू नका. बुशमध्ये तो सैल झाला की स्पूल थरथरायला लागतं. काही बुश सच्छिद्र ब्राँझचे असतात आणि तेल शोषून ठेवतात. असा बुश द्रावणात धुतलात तर आतलं सगळं तेल निघून जातं, म्हणून बसवण्याआधी तो कोमट तेलात तासभर बुडवून ठेवा.

काही फार जुन्या रीलच्या टोप्यांत अकीकसारख्या खड्यांचे टेकू असतात. तिथे टोपी घट्ट आवळाल तर खडा तडकेल.

सिरॅमिक बेअरिंग घ्यावं का? एबीईसी ७ चांगलं की ९?

एबीईसीचा आकडा मोजमापांची अचूकता सांगतो, म्हणजे कडं किती गोल आहे, भोक किती नेमकं आहे वगैरे. त्यात तेल कोणतं आहे, गोळ्यांचा दर्जा काय, झाकण घासतंय का, हे काहीच येत नाही. नीट धुऊन हलकं तेल घातलेलं साधं बेअरिंग ग्रीस भरलेल्या महागड्या बेअरिंगपेक्षा लांब फेकतं.

हायब्रीड सिरॅमिक बेअरिंगमध्ये गोळ्या सिलिकॉन नायट्राइडच्या असतात. त्यांची घनता स्टीलच्या निम्म्यापेक्षाही कमी असते आणि त्या गंजत नाहीत. धावा मात्र स्टीलच्याच, म्हणून खाऱ्या पाण्यात त्या गंजतातच. बाकी सगळं करून झालंय, मोजणी केलीय आणि अजून थोडं हवंय, तर घ्या. आवाज वाढतो, आणि स्पूल चटकन वेग घेत असल्यामुळे अंगठ्यावरची जबाबदारीही वाढते.

तेल कोणतं आणि किती?

स्पूलच्या बेअरिंगला पातळ तेल, प्रत्येकी एक थेंब. टाचणीच्या टोकावरून सोडा आणि जास्त झालं तर टिश्यूने टिपा. रीलसाठीचं खास तेल चांगलं, ते नसेल तर शिलाई मशिनचं तेलही चालतं. खाद्यतेल कधीच नको, काही महिन्यांत चिकट होऊन बसतं. गंज सोडवण्याचे स्प्रे सोडवण्यासाठीच ठेवा, त्यांचा मोठा भाग उडून जातो आणि मागे टिकाऊ वंगण राहत नाही.

मुख्य गिअरला ग्रीस, दातांवर ब्रशने पातळ थर. ग्रीस जिथे शांतपणे टिकायला हवं तिथे ग्रीस, आणि जे फेकीच्या वेळी वेगात फिरतं तिथे तेल. जुन्या रीलमध्ये नेमकं हेच उलटं झालेलं आढळतं. हँडल गुळगुळीत फिरावं म्हणून कुणीतरी सगळीकडे ग्रीस भरलेलं असतं आणि फेक तिथेच मेलेली असते.

लेव्हल-वाइंडचा फेकीशी काय संबंध?

ज्या रीलमध्ये तो फेकीच्या वेळीही चालतो, तिथे बराच. दोरी सारखी पसरावी म्हणून आडवा दांडा असतो आणि त्यावर एकमेकांना छेदणाऱ्या दोन तिरक्या खाचा. त्या खाचेत एक छोटा पॉल सरकतो. खाचेत वाळू, जुनं ग्रीस आणि दोरीचा भुसा यांचा काळा लगदा साचतो. स्पूलला प्रत्येक फेरीला तो लगदा ढकलावा लागतो.

मार्गदर्शकाखालची छोटी टोपी उघडा आणि पॉल बाहेर काढा. नखावर ठेवून उजेडात धरा. त्याचं टोक पात्यासारखं, दोन्ही बाजूंनी सारखं वाकलेलं असायला हवं. एका बाजूने झिजून धार आली असेल किंवा कोपरा तुटला असेल तर तो दांड्याच्या टोकाशी वळताना अडकतो, आणि फेकीच्या मधोमध स्पूल क्षणभर थबकतं. हा भाग स्वस्त आहे, झिजलेला दिसला की बदला. झिजलेला पॉल तसाच ठेवला तर तो दांड्याच्या खाचा खातो, आणि दांडा महाग पडतो.

खाचा टूथपिकने टोकापासून टोकापर्यंत खरवडा, दांडा काढता येत असेल तर काढून धुवा. परत बसवताना जाड ग्रीस नको, दोन थेंब तेल पुरतं. हँडल फिरवत मार्गदर्शक दोन्ही टोकांपर्यंत न अडखळता जातो का ते बघा.

समुद्रकिनाऱ्यावरून लांब फेकणारे लोक लेव्हल-वाइंड पूर्ण काढूनच टाकतात. ब्रिटनमध्ये आबू ६५०० वर हा बदल करून जोडीला चुंबकाचा ब्रेक बसवायची पद्धत रुळलेली आहे. त्यात अंतर मिळतं, पण दोरी गुंडाळताना अंगठ्याने स्वतः पसरवावी लागते. मूळ भाग जपून ठेवणार असाल तरच हा बदल करा.

ब्रेक काढून टाकले तर फेक वाढेल का?

वाढेल, जर तुमचा अंगठा तयार असेल तर. नसेल तर गुंता वाढेल, आणि प्रत्येक गुंता म्हणजे शून्य अंतर. म्हणून आधी ब्रेक समजून घ्या.

बहुतेक जुन्या गोल रीलमध्ये केंद्रोत्सारी ब्रेक असतो. स्पूलच्या बाजूला आडव्या पिनांवर छोटे ठोकळे सरकतात, स्पूल फिरलं की बाहेर फेकले जातात आणि कड्याला घासतात. त्यांचा जोर वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट. म्हणून हा ब्रेक फेकीच्या सुरुवातीला, जिथे स्पूल सगळ्यात जोरात पळतं आणि गुंत्याची भीती सगळ्यात जास्त असते, तिथे काम करतो आणि पुढे जवळजवळ गप्प राहतो. लांब फेकीसाठी ही रचना मला फार आवडते. चुंबकाच्या ब्रेकचा जोर वेगाच्या सरळ प्रमाणात असतो, त्यामुळे तो शेवटपर्यंत थोडा थोडा ओढत राहतो.

जुन्या रीलमध्ये ठोकळे झिजलेले, हरवलेले किंवा एका बाजूला मोठा नि दुसऱ्या बाजूला लहान असे असतात. समोरासमोरचे दोन्ही सारखेच हवेत, नाहीतर स्पूल डगमगतं. ते ज्या कड्याला घासतात ते कडं अल्कोहोलने पुसा. त्यावर तेल गेलं की ब्रेक कधी धरतो, कधी सोडतो, आणि मग दोन फेकी सारख्या येत नाहीत. मोठे ठोकळे असतील तर आधी लहान लावून बघा. सगळे काढायची वेळ त्यानंतरची.

टोपीचा स्क्रू किती आवळायचा?

शिकताना असं करा: आमिष टोकाला लटकवा, बटण दाबा, आमिष हळूहळू खाली जाईल आणि जमिनीला टेकताच स्पूल थांबेल इतका आवळा. लांब फेकीसाठी हा दाब फार जास्त आहे, कारण तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच ओढत राहतो. हात बसला की इतका सोडा की स्पूल डावी-उजवीकडे ढकलल्यावर जेमतेम जाणवेल एवढीच हालचाल राहील. त्याहून सैल सोडलात तर दोरी स्पूलच्या कडेखाली शिरते.

टोपीच्या आत छोटी चकती असते. दांड्याच्या टोकाने तिच्यात खळगा पाडला असेल तर चकती उलटी करा किंवा नवीन टाका. दांड्याचं टोकही मेटल पॉलिशने आरशासारखं करा. दिसायला हे अगदी किरकोळ काम आहे, पण उभं धरल्यावर लवकर थांबणारी रीलं बऱ्याचदा एवढ्यानेच सुधारतात.

बटण दाबलं तरी स्पूल मोकळं होत नाही. का?

बटण दाबल्यावर योकने पिनियनला स्पूलच्या दांड्यापासून पूर्ण दूर न्यायला हवं. योक झिजला, वाकला किंवा त्याखाली घट्ट ग्रीस साचलं की पिनियन अर्ध्यावर राहतो आणि दांड्यावरच्या पिनेला घासत राहतो. साफ करा, पिनियनच्या आतलं भोक इअर-बडने पुसा, तरीही सुधारलं नाही तर योक बदला.

गिअर आणि ड्रॅग बदलल्याने अंतर वाढतं का?

नाही. फेकीच्या वेळी पिनियन सुटलेला असतो, त्यामुळे गिअरचं प्रमाण काहीही असलं तरी फरक पडत नाही. ड्रॅग, म्हणजे मासा ओढताना दोरी ताणाखाली सुटू देणारा ब्रेक, हे मासा लागल्यावरचं काम आहे. तरी रील उघडलंच आहे तर ड्रॅगच्या चामड्याच्या किंवा फायबरच्या चकत्या बघून घ्या. कडक, चकाकलेल्या झाल्या असतील तर कार्बन फायबरच्या चकत्या बसवा.

दोरी कोणती आणि किती भरायची?

इथे लोक बरंच अंतर घालवतात. दोरी स्पूलच्या काठापासून २-३ मिलिमीटर खाली येईपर्यंत भरा. कमी भरलीत तर तेवढीच दोरी सोडायला स्पूलला जास्त फेऱ्या माराव्या लागतात. पण दोरीलाही वजन आहे, आणि स्पूलच्या बाहेरच्या थरातलं वजन जडत्व सगळ्यात जास्त वाढवतं, कारण जडत्व अंतराच्या वर्गाने वाढतं. म्हणून जाड नायलॉनचा तंगूस काठोकाठ भरण्यापेक्षा बारीक दोरी वापरा, आणि खोल स्पूल असेल तर खाली कॉर्कचा गाभा द्या. पूर्वी असे गाभे सर्रास वापरत.

वेणीची, म्हणजे ब्रेडेड दोरी बारीक असते, पण गुळगुळीत स्पूलवर अख्खी घसरते. आधी मोनोचे (एकपदरी नायलॉन दोरीचे) काही वेढे द्या आणि त्यावर ती बांधा. गुंडाळताना ओल्या फडक्यातून ताण देत भरा, नाहीतर जोराच्या ओढीत वरचा थर खालच्यात रुततो. बारीक दोरीवर जड शिसं जोरात फेकणार असाल तर पुढे जाड लीडर, म्हणजे टोकाला बांधायचा जाड दोरीचा तुकडा, लावाच. किनाऱ्यावरचे जुने जाणते शिशाच्या प्रत्येक औंसाला, म्हणजे सुमारे २८ ग्रॅमला, १० पौंड ताकदीचा लीडर असा हिशेब ठेवतात. तुटून सुटलेलं शिसं माणसाला गंभीर इजा करू शकतं, म्हणून या हिशेबात सूट नको.

सगळं केलं, स्पूल मस्त फिरतं, पण आता गुंताच जास्त होतो. परत बिघडवू का?

अजिबात नको. रील आता मोकळं झालंय आणि ते तुमच्या अंगठ्याकडून जास्त काम मागतंय. गुंता होतो तेव्हा स्पूल दोरी जाण्याच्या वेगापेक्षा जोरात फिरत असतं. हे तीन वेळी घडतं: झटका देऊन फेकल्यावर सुरुवातीला, वाऱ्याने आमिष मंदावल्यावर मधे, आणि आमिष पाण्याला टेकताना. पहिल्यावर उपाय म्हणजे गुळगुळीत, हळूहळू वेग वाढवणारी फेक. दुसऱ्यासाठी अंगठा स्पूलला पिसासारखा लागू द्या. तिसऱ्यासाठी आमिष टेकण्याच्या क्षणी अंगठा पूर्ण दाबा.

एक आठवडा ब्रेकचे मोठे ठोकळे लावा, टोपी थोडी आवळा, सरावासाठी थोडं जड वजन घ्या आणि पूर्ण ताकदीच्या निम्म्याने फेका. मग एकेक गोष्ट सोडत जा. अंतर हळूहळू वाढतं आणि वाढलेलं टिकतं.

सुटे भाग शोधताना काय सांगायचं?

मॉडेलचं पूर्ण नाव आणि रीलच्या पायाखाली (रॉडवर बसतो त्या भागाखाली) कोरलेला आकडा. १९७० च्या दशकाच्या मध्यानंतरच्या बऱ्याच अँबॅसडरवर या आकड्यातले पहिले दोन अंक वर्षाचे आणि पुढचे दोन महिन्याचे असतात. एकाच नावाच्या रीलमध्ये वर्षागणिक भाग बदललेत, त्यामुळे नुसत्या नावावर मागवलेला पिनियन न बसण्याची शक्यता बरीच असते. त्याच मॉडेलचं मोडकं रील भागांसाठी मिळालं तर ते घेऊन ठेवा, त्यातला एखादा स्क्रूसुद्धा पुढे उपयोगी पडतो.

बाहेरून घासून नव्यासारखं चमकवू का?

फेकीला त्याचा काही फायदा नाही. निकेलचा थर पातळ असतो, बफ मशिनने तो जातो आणि खालचं पितळ उघडं पडतं. कोरलेली नावं आणि आकडे पुसट होतात. जुनं, दुर्मीळ रील असेल तर संग्राहक ओरखडे असलेलं मूळ रूपच पसंत करतात. साबण-पाणी, मऊ फडकं आणि धातूच्या भागांवर मेणाचा पातळ हात इतकं पुरे. बदललेले मूळ भाग चिठ्ठी लावून डबीत ठेवा, पुढे रील ज्याच्या हातात जाईल त्याला ते लागतील.

आता किती दिवसांनी काय करायचं?

गोड्या पाण्यात वापरत असाल तर मासेमारीच्या दर काही फेऱ्यांनंतर बेअरिंगला एकेक थेंब आणि लेव्हल-वाइंडच्या दांड्याला दोन. हंगाम संपला की पूर्ण उघडून साफ करा.

खाऱ्या पाण्यात त्याच दिवशी रील गोड्या पाण्याने धुवा, पण नळाचा जोरदार झोत मारू नका, त्याने मीठ आणि वाळू आत ढकलली जाते. ड्रॅग आवळून हलक्या धारेखाली धरा, झटका, फडक्याने पुसा, मग ड्रॅग पूर्ण सैल करून सावलीत वाळवा. स्पूल काढता येत असेल तर काढूनच वाळवा. दोरीच्या खालच्या थरांत खारं पाणी दिवसचे दिवस टिकतं आणि स्पूलचं ॲल्युमिनियम तिथूनच पांढरं पडायला लागतं.

रील ठेवून देताना टोपीचा स्क्रूही सैल करा आणि हवाबंद प्लॅस्टिकच्या पिशवीऐवजी सुती पिशवीत ठेवा. पुढच्या हंगामात पहिल्या फेकीआधी स्पूल कानाजवळ धरून एकदा टिचकी मारून ऐका. आवाज बदललेला असेल तर आधी बेअरिंग बघा.